आपल्या आंब्याचा केसपेपर

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. मधले प्रश्न आणि हशा गाळला आहे, बाकी बहुतेक जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



मुलांची नाट्यछटा आणि महिला मंडळाची मंगळागौर यांच्या मधला पाऊण तास मला दिलात, त्याबद्दल आभारी आहे. विषय मीच मागून घेतला: बी विंगच्या मागचा आंबा. गेल्या अडीच वर्षांत या झाडावरून आपल्याकडे जेवढं बोलणं झालं, तेवढं लिफ्टवरूनही झालं नसेल. त्यातलं निम्मं जिन्यात झालं आणि निम्मं व्हॉट्सॲपवर, त्यामुळे प्रत्येकाकडे गोष्टीचा एकेक तुकडा आहे. झाडाला नेमकं झालं काय होतं, ते कशावरून ओळखलं, आपण काय केलं आणि आज ते कुठल्या अवस्थेत आहे, हे एकदा सलग सांगावं म्हणून उभा आहे. शिवाय पुढच्या महिन्यात एक ठराव सभेपुढे येतोय, त्याचाही या झाडाशी संबंध आहे. त्याकडे शेवटी येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी एकतीस वर्षं कृषी खात्यात होतो आणि त्यातली जवळजवळ निम्मी कोकणात, आंब्याच्या बागांत गेली. तिथल्या बागायतदारांनी मला खात्यापेक्षा जास्त शिकवलं. सी विंगमधले छोटे दोस्त मला 'झाडांचे डॉक्टर आजोबा' म्हणतात. पण डॉक्टरांपुढचा रोगी निदान "इथे दुखतंय" एवढं तरी सांगतो!

तर मे २०२३. वळवाचा पाऊस आला, वारा सुटला आणि मनगटापेक्षा जाड अशी एक वाळकी फांदी एका स्कूटरवर पडली. स्कूटरवर कुणी बसलेलं नव्हतं, हे आपलं नशीब. जुलैमध्ये विशेष सर्वसाधारण सभा लागली आणि विषयपत्रिकेवर एकच विषय होता: झाड तोडण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करणे.

त्या सभेत निदानं भरपूर झाली. कुणी म्हणालं कीड लागली. कुणी म्हणालं वय झालं. खत नाही, पाणी नाही, वरून गेलेल्या केबलमुळे झालं, असंही आलं. आपल्या सी विंगमधल्या आजी, ज्यांच्या माहेरच्या मळ्यात हे झाड होतं, त्या एवढंच म्हणाल्या, "मी परकरात होते तेव्हा ते माझ्या डोक्याएवढं होतं." म्हणजे झाड सत्तरीच्या आसपासचं. कोयीपासून वाढलेल्या रायवळ आंब्याला सत्तर हे मरायचं वय नव्हे. कोकणात शंभरी ओलांडलेली झाडं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या कैऱ्यांचं लोणचंही खाल्लं आहे.

आजारी झाड कसं दिसतं, हे आपल्याकडे फार पूर्वी लिहून ठेवलेलं आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. त्यात लक्षणं दिली आहेत ती अशी: पानं फिकट पडतात, नवी पालवी वाढत नाही, फांद्या वाळतात, रस गळतो. दीड हजार वर्षांपूर्वीची ही यादी घेऊन मी आपल्या आंब्याखाली उभा राहिलो, तर त्यातली पहिली तीन जशीच्या तशी लागू होती. शेंड्याकडच्या काड्या वाळलेल्या, खालच्या फांद्या जिवंत. पूर्वेची बाजू जास्त उघडी. शेजारच्या गल्लीतल्या आंब्याचं पान माझ्या वितीएवढं भरत होतं, आपल्याचं त्याच्या निम्मं. वर्षभरात फुटलेला नवा कोंब जेमतेम चार बोटं. आणि एवढं असून त्याच्या आदल्या वर्षी मोहोर मात्र झाडभर आला होता, आठवतंय? फोटो टाकले होते सगळ्यांनी. आंब्याला एक वर्षाआड बहर येतो हे खरंच, पण वाळत चाललेलं झाड कधीकधी असा जोराचा मोहोर देतं आणि त्यातलं फळ काही धरत नाही. आपल्याकडे तसंच झालं.

आता कीड आहे की नाही, हे आधी पाहायला हवं. आंब्याचा खरा वैरी म्हणजे भिरूड. त्याची अळी खोडात शिरून आतून पोखरते. पण ती असली की खोडाला भोकं दिसतात, भोकांतून भुसा पडलेला दिसतो. मी बॅटरी घेऊन दोन दिवस खोड पाहिलं, भोक नाही, भुसा नाही. वर बांडगूळ नाही. वाळवी होती, पण ती मेलेल्या सालीवर. ती सफाई कामगार आहे, मारेकरी नव्हे. खिळे मात्र निघाले अकरा, गणपतीच्या रोषणाईचे. तेही काढले, पण खिळ्यांनी एवढं झाड मरत नाही.

मग मी मान खाली घातली आणि बुंधा पाहिला. मला वाटतं, खरं निदान तिथेच झालं.

कुठलंही मोठं झाड जमिनीत शिरताना रुंद होतं. हत्तीच्या पायासारखं म्हणा. मोठी मुळं खोडातून फाकत जमिनीत जातात, ती सुरुवात डोळ्यांना दिसली पाहिजे. आपला आंबा पेव्हर ब्लॉकमध्ये विजेच्या खांबासारखा सरळ शिरत होता. जाडी वर जेवढी, खाली तेवढीच. याचा अर्थ एकच असतो, की आपल्याला दिसतो तो बुंधा नाहीच. बुंधा खाली कुठेतरी पुरला गेलाय.

किती खाली आणि कधीपासून? पहिल्या प्रश्नासाठी पहार लागते. दुसऱ्यासाठी मी आपल्या सचिवांकडून सोसायटीची प्रोसीडिंग बुकं मागून घेतली. मंडळी, पंचवीस वर्षांची इतिवृत्तं सलग वाचणं ही करमणूकही आहे, पण माझ्यासाठी तो झाडाचा केसपेपर होता. ऑक्टोबर २०१३: मागची कंपाउंड वॉल पडून नवी बांधली, तिचा राडारोडा "मागील बाजूस समतल करण्यात यावा". त्याच वर्षी डिसेंबर: मागच्या अंगणात मुरूम टाकून, रोलर फिरवून पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव, एकमताने मंजूर. २०१५: पाण्याच्या लाइनसाठी चर खणण्याचं बिल. हा चर झाडाच्या पूर्वेकडून गेला. २०१७: एका सभासदाची तक्रार, कैऱ्या पूर्वीसारख्या येत नाहीत, वॉचमन काढून नेतो का याची चौकशी व्हावी. २०१९: पहिली वाळकी फांदी. २०२१: छाटणीचा अर्ज.

बिचाऱ्या वॉचमनवर आळ आला तेव्हा झाडाच्या मुळांना हवा मिळेनाशी होऊन चार वर्षं झाली होती.

हे मुद्दाम सांगतोय. २०१३ च्या कमिटीला दोष देण्याचा हेतू नाही. त्या काळी सगळ्या पुण्यात तेच चाललं होतं आणि मागच्या चिखलातून सुटका झाल्याचा आनंद आपल्या सगळ्यांनाच झाला होता. मुद्दा असा की झाडाच्या मुळांना झालेली इजा वर दिसायला वर्षं लागतात. झाडाकडे शिल्लक असते. खोडात, जाड मुळांत साठवलेलं अन्न असतं, त्यावर ते निभावतं. मग शिल्लक संपते आणि एका उन्हाळ्यात आपल्याला वाटतं, "अरे, हे अचानक काय झालं?" त्यामुळे झाड वाळायला लागलं की यंदा काय केलं हे विचारू नका. पाच-सात-दहा वर्षांपूर्वी इथे काय खणलं, काय भरलं, काय बांधलं ते विचारा.

मुळांबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. आपल्याला वाटतं, वर जेवढं झाड तेवढंच खाली उलटं झाड. शाळेच्या चित्रात तसंच असतं. कोयीच्या आंब्याला खोल जाणारं सोटमूळ असतं हे खरं, पण झाडाला रोजचं अन्नपाणी पुरवणारी बारीक तंतुमुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. का, तर हवा तिथे असते. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते, त्यात थोडं पाणी, थोडी हवा. मुळांना आपल्यासारखाच प्राणवायू लागतो. त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवला की पोकळी मिटते.

कुणीतरी सभेत विचारलं होतं, की मग देवळाच्या पारावरचा वड कसा जगतो? त्याच्याभोवती तर दगडी पार बांधून कमरेएवढी माती भरलेली असते. प्रश्न फार चांगला होता. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी वेगळी आहेत. त्यांना खोडातून, फांदीतून नवी मुळं फुटतात. माती वर चढली की ती वरच्या मातीत नवा संसार थाटतात. आंब्याला ते जमत नाही. त्याच्या खोडाची साल मातीत दबली की ओली राहते, मऊ पडते आणि कुजते. वडाला जे मानवलं ते पाहून आपण आंब्याला, फणसाला, बकुळीला कट्टे बांधत सुटलो. चालायला जाता तेव्हा जरा पाहा, प्रत्येक दुसऱ्या सोसायटीत झाडाच्या गळ्यापर्यंत माती भरलेला टाइल्सचा कट्टा आहे.

ऑगस्टमध्ये आम्ही चौघांनी चार पेव्हर उचकटले. खाली क्रश सँड, मग मुरूम, मग विटांचे तुकडे, सिमेंटची ढेपळं, एक जुनी चप्पल, आणि मग चौदा इंचांवर मूळची काळी माती. ती माती हातात घेतली आणि मी सगळ्यांना हुंगायला लावली. ज्यांनी हुंगली त्यांना आठवत असेल, सडक्या अंड्याचा वास होता. हवा नसलेल्या, पाणी साचलेल्या मातीचा तो वास असतो. बारीक मुळं काळी पडलेली. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. जिवंत मूळ पांढरट, टणक असतं, मोडलं तर कट्‌कन मोडतं.

पण एवढं पाणी आलं कुठून? ऑगस्ट असला तरी बाकीचं अंगण एवढं ओलं नव्हतं. ते शोधायला वर पाहावं लागलं. बी विंगच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप नेमका त्या कोपऱ्यात उतरतो. टाकी रोज सकाळी भरून वाहायची, पाणी पेव्हरच्या फटींतून खाली जायचं आणि दाबलेल्या मुरमामुळे तिथेच साचायचं. त्यात भर म्हणजे आपली प्रेमळ माणसं. पानं मलूल दिसतात म्हणून तळमजल्यावरच्या दोन घरांतून रोज संध्याकाळी बुंध्याशी पाइप लावला जात होता. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण पानं दोन कारणांनी मलूल होतात, पाणी नाही म्हणून, आणि पाणी प्यायला मुळंच उरली नाहीत म्हणूनही. दिसायला दोन्ही सारखंच. म्हणून पाइप लावण्याआधी एक लोखंडी सळई जमिनीत खुपसून पाहायची. ओली माती चिकटून आली तर पाणी बंद. चौदा रुपयांची सळई, पण हजारो रुपयांच्या औषधांपेक्षा उपयोगी आहे.

इथपर्यंत सगळं कळलं होतं. आता करायचं काय, यावर जी सभा झाली ती तुम्हाला आठवते. एक बाजू म्हणत होती, उद्या माणसावर फांदी पडली तर जबाबदार कोण? प्रश्न बिनतोड आहे आणि मी तो आजही हसण्यावारी नेत नाही. दुसऱ्या बाजूला कायदा आहे. १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि त्या कायद्यात 'तोडणे' या शब्दात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही धरलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून अधिक संरक्षण आहे. पण खरी अडचण कायद्याची नव्हती. खरी अडचण पार्किंगची होती, हे आपण आज आनंदाच्या दिवशी मोकळेपणानं म्हणू या. बुंधा उघडा करायचा तर त्याच्याभोवती अडीच मीटरपर्यंतचे पेव्हर काढावे लागणार, म्हणजे चारचाकीच्या दोन जागा जाणार. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या यंत्रणांना झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते मी सभेत वाचून दाखवलं. त्यावर एक सभासद लगेच म्हणाले, "मग तुम्ही अडीच का मागताय?" कारण एवढ्या बुंध्याला एक मीटर म्हणजे पायात मोजा घालण्याइतकी जागा.

सभा रात्री पावणेबारापर्यंत चालली. सत्तावीस विरुद्ध एकोणीस मतांनी ठरलं की दोन पावसाळे थांबायचं. ज्या दोघांच्या जागा गेल्या त्यातल्या एका ताईंनी आपणहून गाडी पुढच्या बाजूला, उन्हात लावायला सुरुवात केली. दुसऱ्या सभासदांची नाराजी अजून गेलेली नाही, आणि मला ती समजते. जागेचे पैसे त्यांनीही मोजले होते. त्यांना मेंटेनन्समध्ये सूट द्यायचा विषय कमिटीपुढे पडून आहे, तो लवकर मार्गी लागावा असं मला वाटतं.

उपचार तसे साधे होते. ओव्हरफ्लोचं काम त्याच आठवड्यात झालं: टाकीला नवा फ्लोट व्हॉल्व्ह, आणि पाइप पन्हळीतून थेट गटारात. वाळक्या फांद्या रीतसर परवानगी घेऊन काढल्या. तेव्हा बऱ्याच जणांचा आग्रह होता की झाड निम्म्यावर छाटून टाका, नवं फुटेल. ते मी करू दिलं नाही. ज्याची मुळं उपाशी आहेत त्याची पानंही काढून घेतली तर ते खाणार काय? अन्न पानांतच तयार होतं. पूर्वेच्या एका लांब जिवंत फांदीचं वजन तेवढं कमी केलं, त्याचं कारण पुढे सांगतो.

दिवाळीनंतर बुंधा उघडा करायला घेतला. जेसीबी येऊ दिला नाही. मोठ्या मुळांजवळ टिकावही नाही. खुरपं, हात आणि पाण्याची धार. पाच रविवार लागले. घमेली वाहून मुलांनी हात भरून घेतले, आणि त्यातल्या दोघांना त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनाचा विषय मिळाला. चौदा इंच खाली गेल्यावर हत्तीचा पाय दिसायला लागला. आठ मोठी आधारमुळं मोजली. पाच धडधाकट होती, दोन मेलेली, आणि पूर्वेचं एक २०१५ च्या चरात सरळ कापलेलं. पूर्वेची बाजू का उघडी पडली याचं उत्तर तिथे मिळालं. शिवाय दक्षिणेला भरावाच्या मातीत वर आलेलं एक मनगटाएवढं मूळ खोडाला आडवं घासून, दोरी आवळावी तसं आवळत गेलं होतं. खोडाला तिथे खाच पडली होती. ते एकदम न काढता निम्मं पटाशीनं त्या वर्षी आणि उरलेलं पुढच्या हिवाळ्यात तोडलं.

कुजलेली साल जिवंत भाग लागेपर्यंत खरवडली आणि बोर्डो पेस्ट लावली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात भिजवून मग एकत्र करायचं, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं अजिबात नाही. तयार झाल्यावर त्यात घासलेला लोखंडी खिळा बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. त्याच दिवशी वापरून संपवायची. या औषधाचा जन्म गमतीचा आहे. फ्रान्समध्ये बोर्डोच्या भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांवर चोरांनी हात टाकू नये म्हणून मोरचूद आणि चुना फासत. त्या वेलींना केवडा रोग कमी पडतो, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, ही १८८० च्या दशकातली गोष्ट. आपल्याकडे द्राक्षवाले, आंबेवाले, सुपारीवाले सगळे ते आजही वापरतात. फक्त ते खोडापुरतं ठेवायचं. मुळांच्या मातीत आम्ही कंपोस्टबरोबर ट्रायकोडर्मा घातली, ती स्वतःच एक उपयोगी बुरशी आहे, आणि मोरचूद तिला मारतं. दोन औषधं आणून एकाच खड्ड्यात ओतणारे लोक मी पाहिले आहेत.

बुंध्यापासून लांब, जिथे पेव्हर ठेवावेच लागले, तिथे दर दोन फुटांवर एक पेव्हर काढून दीड-दोन फूट खोल भोकं घेतली आणि त्यात कंपोस्ट व जाड वाळू भरली. मोकळ्या जागेवर पाचोळ्याचं आच्छादन, चार बोटं जाड, पण बुंध्याला न टेकवता. हा पाचोळा म्हणजे कचरा नाही हे आपल्या झाडूवाल्या मावशींना सगळ्यात आधी पटलं, बाकीच्यांना वेळ लागला. युरिया दिला नाही. "निदान पाच किलो तरी टाका," असं मला निरनिराळ्या मजल्यांवरून सुचवलं गेलं. कुजक्या मुळांवर युरिया म्हणजे जुलाब झालेल्याला श्रीखंड.

२०२४ च्या जानेवारीत थोडा मोहोर आला, तो मी काढून टाकायला लावला. त्यावरून आजी माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. पण त्या वर्षी फळ धरण्यापेक्षा मूळ धरणं जास्त गरजेचं होतं.

आता आजची अवस्था. या वर्षी दसऱ्याच्या आसपास मी नवे कोंब मोजले. चार बोटांचे होते ते आता वीतभर आहेत. पान मोठं झालं, रंग गडद झाला. पाचोळ्याखाली हात घातला तर पांढरी तंतुमुळं लागतात आणि मातीला पहिल्या पावसानंतर येतो तसा वास आहे. यंदाच्या उन्हाळ्यात त्रेसष्ट कैऱ्या निघाल्या, त्याचं लोणचं बाहेर स्टॉलवर आहे. म्हणजे झाड बरं झालं का? नाही. पूर्वेची बाजू भरून यायची नाही. मेलेली मुळं परत येत नाहीत, झाड फक्त त्याभोवती नवी घालतं. आणि आठांपैकी तीन आधारमुळं गेलेलं झाड वाऱ्यात पहिल्याइतकं भक्कम धरता येत नाही, म्हणून पूर्वेचं वजन उतरवलं. माझं कमिटीला लेखी सांगणं आहे: दर वर्षी मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर बुंधा पाहायचा. जमिनीलगत छत्रीसारखी किंवा फळीसारखी बुरशी उगवली, लाकडी हातोडीनं ठोकल्यावर पोकळ आवाज आला, किंवा पश्चिमेकडे जमिनीला भेग पडून ती उचलल्यासारखी दिसली, तर त्या दिवशी जाणकाराला बोलवायचं. आणि तो म्हणाला की उतरवा, तर उतरवायचं. तेव्हा मीही आड येणार नाही. वळवाच्या दिवसांत पूर्वेला गाड्या लावू नका, ही पाटी त्यासाठीच आहे. तिच्यावर कपडे वाळत घालू नका.

थोडं बाकीच्या झाडांबद्दल. रौप्यमहोत्सवानिमित्त पंचवीस रोपं लावायची कल्पना चांगली आहे, पण नर्सरीच्या पिशवीत बरेच दिवस राहिलेल्या रोपाची मुळं गोल गोल फिरलेली असतात. ती तशीच लावली की पुढे पंधरा वर्षांनी ती खोडाला आवळतात. लावताना पिशवी फाडा, फिरलेली मुळं कापा किंवा सोडवा, आणि रोपाची मान जमिनीबरोबर ठेवा, खाली नको. पंचवीस जमत नसतील तर नऊ लावा. पुढच्या गेटजवळच्या गुलमोहराभोवती नवा कट्टा बांधायचा विचार कानावर आलाय, तो कृपा करून सोडून द्या.

आता ठरावाकडे. ड्रेनेजची जुनी लाइन बदलायची आहे, ते काम झालंच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. कंत्राटदारानं दिलेल्या नकाशात नवी लाइन आंब्याच्या पश्चिमेकडून जाते, बुंध्यापासून सव्वा मीटरवर, तीन फूट खोल. उरलेल्या पाच आधारमुळांपैकी तीन पश्चिमेला आहेत. तो चर गेला तर मला पुन्हा प्रोसीडिंग बुक वाचायची गरज पडणार नाही. दुसरा मार्ग कंपाउंड वॉलच्या कडेनं आहे. तो अकरा मीटर लांब पडतो आणि एक चेंबर वाढतो. उताराचा हिशेब मी आपल्यातल्याच एका निवृत्त इंजिनिअरांकडून तपासून घेतला आहे, उतार बसतो. वाढीव खर्च प्रत्येक फ्लॅटमागे विभागला तर तो आपण रात्रीच्या जेवणाला बाहेर गेलो तर होतो तेवढा आहे. दोन्ही नकाशे नोटीस बोर्डवर लावले आहेत. ते पाहून या. मत कुठेही द्या, पण सभेला या. गेल्या वेळी गणसंख्येअभावी अर्धा तास थांबावं लागलं होतं.

आणि मार्च ते मे या तीन महिन्यांच्या पाण्याचं वेळापत्रक लिफ्टजवळ टांगलं आहे. दर बारा दिवसांनी, फांद्यांच्या घेराखाली, सावकाश, बुंध्यापासून दूर. सळई खाली वॉचमनच्या केबिनमध्ये असते. एप्रिलच्या दुसऱ्या पाळीसमोर अजून कुणाचं नाव नाही.